सहस्रचंद्रदर्शनाची डीव्हीडी : तुकडे जोडले की आवाज पुढे पळतोय, मदत करा

तिळगूळ_इंदूर
रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, मी लोकमान्य नगर, इंदूर. जरा लांबडं लिहितेय, चहा घेऊन बसा.

आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन २००६ मधे झालं तेव्हाचं शूटिंग आहे. पहिला तास एका व्हिडिओवाल्याने मिनीडीव्ही कॅसेटवर घेतला आणि त्याला दुसरं बुकिंग होतं म्हणून तो निघून गेला. मग आमच्या तात्याकाकांनी स्वतःच्या हॅन्डीकॅमवर पुढचा तास घेतला. आता गंमत अशी की हा गेला नि तो कॅमेरा काढतोय या मधल्या वेळातच ८१ दिव्यांचं औक्षण झालं!! ते फक्त मावसभावाच्या फोटोच्या डिजिटल कॅमेऱ्यात आलंय, चार मिनिटांची क्लिप. दोन्ही कॅसेटी तेव्हाच एका दुकानातून हार्डडिस्कवर उतरवून घेतल्या होत्या, त्यांनी एका कॅसेटच्या चार-चार फाइली करून दिल्या, का ते विचारू नका. म्हणजे एकूण १ ते ४, मग औक्षण, मग ५ ते ८, अशा नऊ एव्हीआय फाइली.

ग्वाल्हेरला लष्कर भागात माझी आत्या राहते, तिला ही डीव्हीडी करून पाठवायची आहे. पेन ड्राइव्ह, यूट्यूब वगैरे सांगू नका, तिच्याकडे डीव्हीडी प्लेयर आहे आणि तिला तो लावता येतो, विषय संपला.

मी एका फुकटच्या जॉइनरने नऊच्या नऊ फाइली जोडल्या आणि मग डीव्हीडी केली. पहिला तास झकास. औक्षणात मात्र बायकांचं गाणं संपून जातं आणि चित्रात दिवे फिरतच राहतात, फिरतच राहतात, मुकाट. आणि त्याच्यापुढचा सगळा आवाज चित्राच्या कितीतरी आधी. म्हणजे काका माइक हातात घेऊन उभे, तोंड बंद, आणि भाषण चालू. तीन कोऱ्या डिस्क फुकट गेल्या. काय करू?

भिया_बोले
रात्री १०:२०

भिया पहिले तर आजोबांना नमस्कार. दुसरं, आवाज आधी नि चित्र नंतर म्हणजे आकाशवाणी झाली की ही 😄

टीव्हीचं सेटिंग बघितलं का? आमच्याकडे साउंडबार लावला तेव्हापासून सगळ्यांचेच ओठ वेगळे नि शब्द वेगळे.

तिळगूळ_इंदूर
रात्री १०:२६

टीव्ही नाही हो, लॅपटॉपवर पण तेच. आणि टीव्हीचं असतं तर पहिल्या तासात पण दिसलं असतं ना.

लष्करकर
रात्री १०:५१

बेटा, मी ग्वाल्हेरचाच, दौलतगंजात राहतो. आमच्या वेळी हा त्रास व्हीसीडीत फार होता. व्हीसीडीचा आवाज ४४.१ किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने (सॅम्पल), आणि डीव्हीडीला लागतो ४८. काही सॉफ्टवेअर आवाज नीट बदलायच्या ऐवजी नुसती वरची चिठ्ठी बदलायची, मग बोलणारा घाईत असल्यासारखा बोलायचा, साधारण नऊ टक्के जलद. तुझ्या फाइलींचे आकडे बघ आधी. बाकी ती आत्या लष्करमधे कुठे राहते? आमच्या ओळखीची निघायची.

खटपट्या
रात्री ११:०५

ताई, तीन प्रश्न. यांची उत्तरं आल्याशिवाय कोणी काही सुचवू नका, उगाच दहा सॉफ्टवेअरची नावं येतील आणि ताई आणखी चार डिस्क जाळतील.

फरक किती आहे हे नाही विचारत, फरक वागतो कसा ते सांगा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच राहतो? की हळूहळू वाढत जातो? की एका जागी एकदम उडी मारतो? तिन्हींची औषधं वेगळी आहेत. तेवढाच राहत असेल तर नुसतं सरकवायचं, वाढत असेल तर ताणायचं, उडी असेल तर जोड बघायचा.

आणि नवाच्या नऊ मूळ फाइली मीडियाइन्फो मधे उघडा, फुकट आहे. प्रत्येकीचा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं), आवाजाचा सॅम्पलिंग रेट (ते किलोहर्ट्झ), चित्राची लांबी आणि आवाजाची लांबी, हे चार आकडे इथे लिहा. चित्र नि आवाज यांची लांबी वेगवेगळी दाखवतं ते, आपण सहसा बघत नाही.

तिळगूळ_इंदूर
रात्री ११:४८

घ्या, वहीत लिहून काढलं.

१ ते ४ : २५ फ्रेम, आवाज ४८ किलोहर्ट्झ १६ बिट, दोन्ही लांबी सारख्या. पहिल्या तीन साडेअठरा मिनिटांच्या, चौथी साडेचारची.

औक्षण : ३० फ्रेम, आवाज ११ किलोहर्ट्झ मोनो, ४ मिनिटं.

५ ते ८ : २५ फ्रेम, आवाज ३२ किलोहर्ट्झ १२ बिट. लांबी जवळजवळ सारखी, मिलिसेकंदात काहीतरी फरक दाखवतंय, तो उद्या नीट बघते. लेकाची शाळा सकाळची आहे.

खटपट्या
रात्री ११:५७

३२! सापडला चोर. काकांच्या कॅमेऱ्यात आवाज १२ बिटवर होता, बऱ्याच मिनीडीव्ही कॅमेऱ्यांत तेच डिफॉल्ट असायचं, कारण त्यात नंतर वरून दुसरा आवाज भरायला दोन ट्रॅक मोकळे राहतात. कुणी मेनूत जाऊन बदलायचं नाही. तुमचा जॉइनर पहिल्या फाइलीचा ४८ धरून पुढे सगळं ठोकतोय. झोपा आता.

स्वरमंडळ
सकाळी ७:३०

खटपट्याराव, मला तुमच्यातलं तंत्र कळत नाही पण कान आहेत म्हणून विचारतो. ३२ ला ४८ समजलं तर वेग दीडपट होईल ना? मग काकांचं भाषण उंदरांच्या सभेसारखं ऐकू आलं असतं. ताईंनी आवाज आधी येतो म्हटलंय, बारीक झालाय असं कुठे म्हटलंय?

खटपट्या
सकाळी ८:१०

बरोबर पकडलंत. रात्री बाराला लिहिलं की असं होतं. जॉइनरने आवाज नीट ४८ केलेला दिसतोय, चोर तो नाही.

मग चोर औक्षण. हिशेब बघा. ४ मिनिटं गुणिले ३० म्हणजे ७२०० फ्रेम. जॉइनरने पहिल्या फाइलीचा २५ चा वेग सगळ्यांना लावला, तर ७२०० फ्रेम दाखवायला लागतात २८८ सेकंद, म्हणजे ४ मिनिटं ४८ सेकंद. आवाज मात्र ४ मिनिटांचाच. म्हणून गाणं संपलं तरी दिवे फिरतायत, आणि पाचव्या फाइलीचा आवाज ४८ सेकंद आधीच येऊन उभा. ताई, पुढचा आवाज साधारण पाऊण मिनिट आधी येतोय का?

तिळगूळ_इंदूर
सकाळी १०:४०

अगदी पाऊण मिनिट!!! आत्ता मोजलं. पोहे गार झाले पण मोजलं.

भिया_बोले
सकाळी १०:४४

इंदुरात राहून पोहे गार करणं हा गुन्हा आहे ताई. जिलेबी तरी गरम होती का

कोडवाली
सकाळी ११:१५

मी एफएफएमपेग (कमांड टाइप करून चालवायचं व्हिडिओचं सॉफ्टवेअर) रोज वापरते म्हणून थोडं. जोडायच्या दोन रीती आहेत. एकात फाइली जशाच्या तशा एकामागे एक चिकटवतात, परत एन्कोड न करता, म्हणजे चित्र-आवाज नव्याने फाइलीत न भरता. ती फक्त सगळ्या फाइली हुबेहूब एका जातीच्या असतील तरच वापरायची. दुसरी कॉनकॅट फिल्टरची, ती सगळं उलगडून परत एन्कोड करते, वेळ खाते, पण त्यात एका तुकड्याचा आवाज चित्रापेक्षा तोकडा असेल तर उरलेल्या जागी शांतता भरून पुढचा तुकडा चित्राबरोबरच सुरू करते. म्हणजे एका तुकड्याची चूक दुसऱ्यात सांडत नाही. नाहीतरी डीव्हीडीसाठी एमपेग२ करायचंच आहे, मग परत एन्कोड होण्याची भीती कशाला?

फक्त फिल्टरला देण्याआधी सगळे तुकडे एका मापाचे करा : ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, आवाज ४८ किलोहर्ट्झ स्टीरिओ. औक्षणाचे ३० चे २५ करताना वेग बदलायचा नाही, दर सेकंदाला पाच फ्रेम गाळायच्या. हालचाल किंचित अडखळेल, चालेल.

सुरतेचा_मावळा
दुपारी १२:०२

हँडब्रेक वापरा, सगळं आपोआप होतं.

कोडवाली
दुपारी १२:०९

हँडब्रेक डीव्हीडी बनवत नाही, एमपी४ वगैरे देतो. उलट्या दिशेचं काम आहे ते.

दांडियाबाजार
दुपारी १:३०

मी बडोद्याचा. वेगळं मत मांडतो. जोडताच कशाला? डीव्हीडीस्टायलर मधे नऊ फाइलींची नऊ टायटल करा, एकामागून एक लागतील अशी. प्रत्येक टायटलला आवाज नव्याने सुरू होतो, चूक साचतच नाही. मधे प्लेयर अर्धा सेकंद थांबतो एवढंच. मी वडिलांच्या नाटकाच्या व्हीसीडी अशाच एका डिस्कवर घेतल्या. लष्करकर काका म्हणतायत ते ४४.१ चं खरं आहे, पण व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ एमपेग१ असतं आणि ते डीव्हीडीला जसंच्या तसं चालतं. फक्त आवाज ४८ करून घेतला. चित्राला हातसुद्धा लावला नाही.

तिळगूळ_इंदूर
दुपारी २:१५

कल्पना आवडली पण सहावी फाइल जिथे तुटते तिथे आजोबांचा अभंग चालू आहे. हो, आजोबांनी स्वतः गायला होता, ८१ व्या वर्षी, तबल्यावर आमचे शेजारी. दुकानदाराने बरोब्बर अंतऱ्यात कापलंय. तिथे अर्धा सेकंद थांबलं तर आत्या मला फोन करून रागवेल.

आणि त्यांनी असे तुकडे का केले हे कुणाला माहीत आहे का, उगीच कुतूहल.

खटपट्या
दुपारी २:४०

दुकानदाराचा दोष नाही त्यात. डिस्क फॅट३२ असणार, तिच्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही. डीव्ही फाइल तासाला सुमारे १३ जीबी खाते, म्हणजे ४ जीबी भरायला अठरा-एकोणीस मिनिटं. सॉफ्टवेअर आपोआप तोडतं, अंतरा आहे का स्थायी हे त्याला काय कळणार.

कोडवाली म्हणतात तसंच करा.

तिळगूळ_इंदूर
तिसऱ्या दिवशी, रात्री ९:२०

केलं. लेकाने कमांड टाइप करून दिली, मी बाजूला बसून फाइलींची नावं वाचून दाखवली. रात्रभर लॅपटॉप चालू, पहाटे लाइट गेली पण बॅटरीने धरलं. यावेळी डिस्क जाळली नाही, फाइल करून व्हीएलसी मधेच बघितली.

औक्षण सुंदर!! गाणं आणि दिवे एकदमच संपतात. त्यात एक दिवा विझतो आणि माझी आई पदराआडून तो परत लावते, हे मी याआधी कधी बघितलंच नव्हतं, कारण तेव्हा आवाज बंद झालेला असायचा आणि मी पुढे पळवायचे.

पण. अभंगात काहीतरी खटकतंय. सहाव्या फाइलीच्या सुरुवातीला ठीक आहे, शेवटाकडे तबल्याची थाप आधी ऐकू येते आणि हात नंतर पडतो. अगदी थोडं. आमच्या ह्यांना कळत नाही, म्हणतात तुला वहीम झालाय.

स्वरमंडळ
रात्री ९:४१

वहीम नाही. भाषणात ओठ थोडे मागेपुढे झाले तर चालून जातं, पण सम हातात दिसते आणि कानात ऐकू येते, तिथे खोटं चालत नाही. समेवर हात डग्ग्यावर पडतो ती फ्रेम बघा.

खटपट्या
रात्री ९:५५

सुरुवातीला ठीक आणि शेवटी फरक म्हणजे वाढत जाणारा. त्या मिलिसेकंदांचं काय झालं ताई, उद्या बघते म्हणाला होतात?

तिळगूळ_इंदूर
रात्री १०:०३

अग्गोबाई विसरलेच. पाचवी, सहावी, सातवी : चित्र १८ मिनिटं ३० सेकंद, आवाज १८ मिनिटं २९.६ सेकंद. आठवी लहान आहे तिच्यात ०.१ चा फरक.

खटपट्या
रात्री १०:३०

हा खरा दुसरा चोर, आणि माझा आवडता. घरगुती डीव्ही कॅमेऱ्यात आवाजाचं घड्याळ आणि चित्राचं घड्याळ एकमेकांना बांधलेलं नसायचं, महागड्या कॅमेऱ्यांत असायचं. ३२ किलोहर्ट्झला प्रत्येक फ्रेमबरोबर १२८० सॅम्पल यायला हवेत, काकांच्या कॅमेऱ्यात त्याहून किंचित कमी येत होते. कमी सॅम्पल नेहमीच्या वेगाने वाजवले की आवाज लवकर संपतो, म्हणून थाप आधी. पहिल्या व्हिडिओवाल्याचा कॅमेरा बरा होता म्हणून तिकडे काही नाही.

कॉनकॅट फिल्टरने प्रत्येक फाइलीच्या शेवटी ०.४ ची शांतता भरली, त्यामुळे पुढची फाइल परत जागेवर सुरू होते. पण फाइलीच्या आत घसरण तशीच राहिली, आणि वर तुमच्या अंतऱ्यात एक बारीक खड्डा पडला असेल. पडलाय ना?

पण आधी खात्री. व्हर्च्युअलडब२ मधे मूळ सहावी फाइल उघडा, व्ह्यू मधे ऑडिओ डिस्प्ले चालू करा, खाली आवाजाची लाट दिसेल. तबल्याची थाप म्हणजे टोकदार सुळका. सुरुवातीची एक थाप, साधारण नवव्या मिनिटाची एक, शेवटची एक घ्या. मधे फरक निम्मा निघाला तर घसरण सरळ आहे आणि एका आकड्यात काम होईल.

तिळगूळ_इंदूर
रात्री ११:५२

सुरुवातीला शून्य. मधे पाच फ्रेम. शेवटी दहा फ्रेम. एक फ्रेम ४० मिलिसेकंद ना? म्हणजे ०.२ आणि ०.४. जमलं!

आणि हो, अंतऱ्यात खड्डा आहे. मला वाटलं आजोबांनी श्वास घेतला.

कोडवाली
सकाळी ९:०५

मग ऑडॅसिटीत एकेक फाइल ताणत बसू नका. एफएफएमपेगच्या असेटरेट फिल्टरने सांगा की हा आवाज ३२००० चा नसून ३१९८८ चा आहे, आणि मग रीसॅम्पल करून ४८००० करा. ११०९.६ गुणिले ३२००० भागिले ३१९८८, येतात १११०.०१६ सेकंद. चित्रापेक्षा १६ मिलिसेकंद जास्त, म्हणजे अर्ध्या फ्रेमपेक्षा कमी, तेवढं शेवटी छाटून टाका. ५ ते ८ चौघींना तोच आकडा, कारण कॅमेरा तोच. हे आधी, प्रत्येक फाइलीला वेगळं. जोडणं सगळ्यात शेवटी.

तिळगूळ_इंदूर
सकाळी ९:२०

असं ताणलं तर आजोबांचा सूर बदलणार नाही ना? ते काळी एक पट्टीत गायचे, आत्याला लगेच कळेल.

स्वरमंडळ
सकाळी ९:४८

३२००० चे ३१९८८ म्हणजे शंभरातला चार शतांश भागसुद्धा नाही. तानपुरा जुळवणाऱ्यालाही कळणार नाही. तुम्ही औक्षणासारखा फ्रेम रेटचा घोळ वेग बदलून सोडवला असता तर कळलं असतं. परदेशी सिनेमे २४ चे २५ करताना चार टक्के पळवतात, तेवढ्यात काळी एकचा सा जवळजवळ पांढरी दोनला जाऊन बसतो.

लष्करकर
सकाळी १०:३०

जाळताना घाई नको. १६एक्स वेगाने जाळलेली डिस्क जुन्या प्लेयरमधे अडकते हा माझा अनुभव, ४एक्स किंवा ८एक्स ठेव. आणि आधी रीरायटेबल डिस्कवर करून बघ, ती पुसता येते. आत्याचा पत्ता दिला नाहीस अजून.

खटपट्या
सकाळी १०:३६

आणि बिटरेट. एकूण १२४ मिनिटं आहेत, ४.७ जीबीच्या डिस्कवर सगळं धरून सेकंदाला साधारण ५ मेगाबिट मिळतात. व्हिडिओला ४६०० किलोबिट, एसी३ आवाजाला १९२. आवाजात कंजूसपणा करून व्हिडिओला फार काही मिळत नाही. अजून एक, कॅमेऱ्याची प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची, म्हणजे फील्डची, असते आणि डीव्हीमधे खालची फील्ड आधी असते, ते एन्कोडरला सांगा, नाहीतर मान हलवली की चित्र थरथरेल. औक्षणाच्या क्लिपमधे फील्ड नसतातच, तिला ते लागू नाही.

तिळगूळ_इंदूर
सहाव्या दिवशी, संध्याकाळी ७:१५

झालं मंडळी. रीरायटेबलवर आधी केली, शेजारच्यांच्या जुन्या प्लेयरवर लावून बघितली, मग खरी जाळली. सहाव्या फाइलीच्या शेवटची थाप आणि हात एकाच फ्रेमवर. खड्डा गेला. जोड कुठे आहे ते मला माहीत असून ऐकू येत नाही.

भाचा उद्या ग्वाल्हेरला जातोय त्याच्याबरोबर दोन प्रती पाठवतेय, एक आत्याला आणि एक लष्करकर काकांना, पत्ता खाजगी निरोपात कळवा. भिया_बोले यांना पोहे, माझ्याकडून, गरम.

लष्करकर
आठव्या दिवशी, रात्री ८:४०

डिस्क मिळाली. तुझी आत्या आमच्या हिच्या भिशीतली निघाली, मी म्हटलंच होतं. काल दोघींनी मिळून बघितली. औक्षण तीनदा लावलं. आवाजाबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही, फक्त दोन वेण्या घातलेली मुलगी कोण यावरून दोघींचं वाजलं.

तिळगूळ_इंदूर
रात्री ८:५२

ती मीच काका 🙈

सुरतेचा_मावळा
रात्री ९:३०

माझ्याकडे बहिणीच्या मंगळागौरीची व्हीएचएस आहे, त्यात आवाज सुरुवातीपासूनच मागे आहे, शेवटपर्यंत तेवढाच. हाच आकडा चालेल का?

खटपट्या
रात्री ९:३४

नाही चालणार. तेवढाच राहतो म्हणजे ताणायचं नाही, सरकवायचं. व्हीएलसीत जे आणि के दाबून बघा, दर वेळी ५० मिलिसेकंद सरकतं, टाळ्या जुळल्या की तो आकडा लिहून ठेवा आणि नवीन धागा काढा.